गाडीखालचं सरकार

माणूस गाडी घेतो तेव्हा तिची वरची बाजू घेतो. रंग, काचा, आतली गादी, आरशाला टांगलेलं लिंबू-मिरची. खालची बाजू कुणी बघत नाही. ती गॅरेजवाल्याची आणि खड्ड्यांची. महाडच्या राजेंद्र उतेकरनेही आपल्या पांढऱ्या गाडीचं पोट कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नसतं तर त्याचा शिमगा सुखात गेला असता. पण त्याला गाडी धुवायची होती. साधी नव्हे, खालून-वरून, फवारा मारून, देवी बसेल इतकी.

कारण देवी खरोखरच बसणार होती.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आंबेखोंड म्हणून राजेंद्रचं गाव. गावची देवी वाघजाई. तिचे चांदीचे मुखवटे, ज्यांना गावात रूपं म्हणतात, वर्षभर महाडात बँकेच्या लॉकरात असतात, कारण गावात आता म्हातारी माणसं आणि माकडं एवढीच उरलीत आणि चांदी दोघांच्याही भरवशावर ठेवता येत नाही. शिमग्याला पालखीत लावण्यासाठी ही रूपं गावी न्यायची, तो मान. मान घराघरांतून पाळीने फिरतो. आमच्याकडचा माणूस मुंबईची नोकरी सोडील, बायकोचं माहेर सोडील, पण मान सोडणार नाही. मानावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या अंगणातली वाट बंद केलेली आहे. यंदा पाळी राजेंद्रच्या घराची होती. त्याच्या वडिलांच्या हयातीत एकदा आली होती, त्यानंतर आत्ता. पुढची येईल तेव्हा राजेंद्र भिंतीवर फोटोत असेल हे त्याला आणि त्याच्या बायकोला, दर्शनाला, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तो गाडी घेऊन वीरच्या रस्त्यावरच्या इम्रानच्या गॅरेजात गेला. इम्रानने गाडी रॅम्पवर चढवली, खाली गेला, आणि पाण्याचा फवारा बंद केला.

"काका, जरा इकडं या. हात लावू नका कशाला."

"काय झालं? तेल गळतंय?"

"तेल असतं तर बरं होतं."

मागच्या चाकाजवळ, लोखंडाला चिकटून, साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा बसला होता. त्याच्या एका कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. लुकलुक, मग थांब, मग लुकलुक. इम्रान दोन पावलं मागं सरला आणि हळूच म्हणाला, "बॉम्ब तर नाय?"

हळूच म्हणालेला शब्द महाडात जितका लांब जातो तितका ओरडलेला जात नाही. शेजारच्या सलूनमधून एक गृहस्थ अर्ध्या गालाला फेस लावून बाहेर आले आणि तसेच रिक्षात बसून निघून गेले. चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. बॉम्बशेजारी स्टोव्ह चालू असू नये इतकी अक्कल त्याला होती. राजेंद्र मात्र जागचा हलला नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं, त्याची चप्पल चिखलात रुतली होती. पण लोकांनी ते शौर्य समजलं आणि त्यानेही समजू दिलं.

थांबल्यामुळे त्याला डबा नीट दिसला. राजेंद्र औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. डब्याच्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने, थरथरत्या हाताने, काहीतरी लिहिलं होतं. वाकून त्याने वाचलं: 'पो. ज. सं. ३.'

ज. सं. म्हणजे जडवस्तू संग्रह. सरकार खुर्ची घेवो, पंखा घेवो, नाहीतर हेरगिरीचं गुप्त यंत्र घेवो. त्यावर ऑइल पेंटने नंबर टाकल्याशिवाय सरकारला झोप येत नाही. आणि पो. म्हणजे काय हे सांगायला स्टोअरकीपर लागत नाही.

"इम्रान," तो म्हणाला, "बॉम्ब नाही. पोलीस आहेत."

इम्रानचा चेहरा आणखी पडला. "मग बॉम्बच बरा होता, काका."

डबा दोघांनी होता तिथेच ठेवला. गाडीचं पोट मात्र धुतलं. डब्याच्या भोवतीने, जपून, मांजरीचं पिल्लू झोपलं असावं तसं.

घरी दर्शनाने सगळं ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि विचारलं, "खरं सांगा. तुम्ही काय केलंत?"

"मी? काही नाही!"

"मग पोलीस उगाच कशाला लावतील?"

हे वाक्य राजेंद्रला पुढं सगळ्यांनी ऐकवलं, पण पहिल्यांदा ते स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकावं लागलं याचं त्याला लागलं. आपल्याकडे पोलीस मागे लागले हाच गुन्ह्याचा पुरावा. ज्याच्या दारात पोलीस येत नाहीत तो सज्जन. मग त्या सज्जनाने काय वाटेल ते करावं.

संध्याकाळपर्यंत सल्लागार जमले. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त तलाठी बनियनवर आले आणि कायदा सांगू लागले.

"काढलंत तर शासकीय मालमत्तेची चोरी."

"आणि नाही काढलं तर?"

"शासकीय मालमत्तेचा विनापरवाना वापर. तुमच्या गाडीवर बसून फिरतंय ना ते? भाडं मागतील."

शेजारचे तय्यबभाई ट्रान्सपोर्टवाले. त्यांचे ट्रक गुजरातपर्यंत जातात आणि त्यांची अक्कल त्याहून पुढे जाते. "उतेकर, टेन्शन लेने का नाय. माझा ट्रक उद्या सुरतला निघतोय. चिटकवून देतो खाली. पोलिसांनाबी जरा हवापालट."

"आणि उद्या तुमच्या ट्रकवर धाड पडली म्हणजे?"

"माझ्या ट्रकवर रोजच पडते. त्यांना चहा कुठला लागतो ते माझ्या ड्रायव्हरला पाठ हाय."

आणखी कुणी म्हणालं वरून पत्र्याचा डबा ठोका, सिग्नल अडतो. कुणी म्हणालं बॅटरी संपेपर्यंत गाडी हलवूच नका. एकाने तर ते यंत्र एसटीला चिकटवून आपण घरी निवांत बसावं असं सुचवलं. एसटी वाटेत बंद पडली की पोलीस धक्का मारायला तरी येतील.

राजेंद्रने यातलं काहीच केलं नाही. मध्यमवर्गीय माणूस संकटात काही करत नाही, तो चांगला वागतो.

दुसऱ्या दिवसापासून तो पोलिसांसाठी गाडी चालवू लागला. कोण बघतंय माहीत नाही, पण बघतंय ना? मग दिसू दे. कारखान्यात जायचा रस्ता त्याने मुद्दाम रक्तपेढीवरून नेला. वाचनालयासमोर गाडी लावून तो उगाच आत बसून राहिला; ग्रंथपाल बाईंनी 'बरं वाटत नाही का' म्हणून पाणी दिलं. ज्या नाक्यावर दारूचं दुकान आहे तो नाका त्याने पूर्ण टाळला आणि त्यासाठी शेताच्या बांधावरून गाडी घातली. चवदार तळ्याला दोन चकरा मारल्या. रविवारी दर्शनाला घेऊन पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर गेला, देशभक्तीची नोंद व्हावी म्हणून. आणि समाधीपासून गाडी जितकी जवळ लावता येईल तितकी लावली, म्हणजे नकाशावर ठिपका बरोबर पडेल.

"इतकं कशाला?" दर्शना म्हणाली. "पिठलं-भाकरी तरी खाऊन जाऊ."

"हॉटेलासमोर उभी नको. काय हॉटेल आहे ते त्यांना कळणार नाही."

येताना नाते गावाजवळ रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. कुठल्याही रस्त्यावर तो इतक्या संथपणे गाडी हाकू लागला की मागून येणारे दुचाकीवाले पोरगे त्याला नमस्कार करून पुढं जात. त्यांना वाटे अंत्ययात्रा आहे.

पण चांगुलपणाला पाय नसतात आणि बातमीला गाडी लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या मेहुण्याला आणायला तो वीर स्टेशनला गेला तर रिक्षावाल्यांनी त्याच्यासाठी जागा करून दिली. आदराने नव्हे. एकजण वाकून गाडीखाली बघत म्हणाला, "हीच ना ती पोलिसवाली गाडी?" मेहुण्याने तिथंच बॅग परत खांद्याला लावली आणि तो रिक्षाने आला. दुसऱ्या कुठल्या पाहुण्याने इतका अपमान केला नसता, पण मेहुणा हा वेगळाच प्राणी असतो.

आणि मग आंबेखोंडातून फोन आला. गावकी बसणार आहे, ये.

गावकी सहाणेवर बसली. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा देवळापुढचा चौथरा. मधोमध चांगू उतेकर, गावकीचा अध्यक्ष, राजेंद्रचा चुलतभाऊ. चांगूची स्वतःची पांढरी जीप आहे. पाळी नसताना मान कसा मिळवावा या विषयात तो आयुष्यभर शिकतो आहे.

"राजा," चांगू अतिशय मायेने म्हणाला, "तुझ्यावं आमचा इश्वास हाय रे. गाडीवं नाय."

"गाडी माझीच आहे."

"तेच तर म्हनतो. पोलीस काय येडे हायत व्हय? काय तरी असंल म्हून लावलाय ना त्यो डबा. उद्या वाटेत गाडी धरली, आन् आई गेली ठाण्यात! मुद्देमाल म्हून! शिमग्याला मोकळी पालखी नाचवायची काय आमी?"

लोक कुजबुजले. देवी मुद्देमालाच्या खोलीत, सायकली आणि दारूच्या कॅनच्या शेजारी, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. चांगूने ते बरोबर उभं केलं होतं.

"माझी जीप हाय," तो पुढं म्हणाला. "मला काय हौस नाय. पन गावासाठी करीन."

गावकीने निकाल दिला: राजेंद्रने पोलिसांकडून लिहून आणावं की त्याच्यावर आणि त्याच्या गाडीवर काही नाही. होळी उभी राहायच्या आधी आणलं तर मान त्याचा. नाहीतर रूपं चांगूच्या जीपमधून येतील, आणि पाळी त्याच्या घरातून पुढं गेली असं धरलं जाईल.

राजेंद्र गाडीत जाऊन बसला, शेजारी सोबत आलेली दर्शना. आठवडाभर चांगला वागून त्याला काय मिळालं होतं? रक्तपेढीवाले आता रक्ताला फोन करत होते आणि वाचनालयाने वर्गणी लावली होती. खाली येताना पहिल्या वळणावर म्हैस आडवी आली आणि त्याने हॉर्न असा वाजवला की म्हैस रस्ता सोडून ओढ्यात उतरली.

दर्शना त्याच्याकडे बघून म्हणाली, "आत्ता बरे दिसताय."

त्याच संध्याकाळी तो तय्यबभाईंच्या घरी गेला. तय्यबभाईंसाठी नव्हे, त्यांच्या लेकीसाठी. नौशीन महाडच्या कोर्टात वकिली करते. घरात बाप सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असल्यामुळे तिला कुणी काही विचारत नसे.

"काका, तुम्ही इतके दिवस घाबरलात कशाला?" तिने चहा पुढे ठेवला. "डबा काढला तर चोरी नाही होत. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही काढून विकलात, लपवलात, तर ती गोष्ट वेगळी. फोडलात तर नुकसान केलं म्हणतील, पुरावा नष्ट केला म्हणतील. अब्बांच्या ट्रकला लावलात तर मी तुमचंही वकीलपत्र घेणार नाही आणि अब्बांचंही."

आतून तय्यबभाईंचा खोकला ऐकू आला.

"आणि त्यांनी लावला ते चालतं?"

"तोच खरा प्रश्न आहे. फोन ऐकायचा तर वरून लेखी हुकूम लागतो, तसा कायदा आहे. गाडीला असं काही चिकटवायचं तर काय, याचं सरळ कलम मला तरी कुठं सापडलेलं नाही. पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने केव्हाच सांगितलंय. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार लागतो, कारण लागतं. म्हणजे आपण विचारू शकतो: कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या हुकमाने, कशासाठी?"

"विचारलं तर उत्तर देतील?"

"नाही देणार. म्हणून विचारायचंच नाही." नौशीन हसली. "काका, रस्त्यात परकी वस्तू सापडली तर सज्जन माणूस काय करतो?"

राजेंद्रला ती काय म्हणते ते समजायला एक घोट चहा लागला. समजल्यावर दुसरा घोट त्याने मजेत घेतला.

सकाळी इम्रानच्या गॅरेजात, इम्रान आणि चहावाला या दोन साक्षीदारांसमोर, मोबाइलवर चित्रण करत डबा काढला. तो दर्शनाच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातला, आणि राजेंद्र आणि नौशीन ठाण्यात गेले. कुठलं ठाणं ते इथं लिहीत नाही. भिऊन नव्हे. एकाचं नाव लिहिलं की बाकीच्यांना उगाच वाटतं आपण त्यातले नाही.

उपनिरीक्षक साहेब तरुण होते. नव्या कपड्यांचा, नव्या खुर्चीचा माणूस.

"बोला."

"सापडलेली वस्तू जमा करायची आहे, साहेब," राजेंद्रने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. हिरवा दिवा लुकलुकला.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग पुन्हा डब्याकडे, पण ओळख नसल्यासारखं.

"काय आहे हे?"

"ते मला कसं माहीत असणार? माझ्या गाडीखाली होतं. तुमचं असेल तर ठेवून घ्या आणि मला पोच द्या. माझ्या गाडीखाली कुणाच्या हुकमाने गेलं तेवढं त्या पोचेवर लिहा. तुमचं नसेल तर माझी तक्रार घ्या. कुणीतरी अनोळखी इसम माझ्या पाळतीवर आहे. मी कुटुंबवत्सल माणूस आहे, साहेब, मला भीती वाटते."

नौशीन गोड आवाजात म्हणाली, "दोन्हींपैकी काहीही चालेल, सर."

साहेब अडकले. 'आमचं' म्हणावं तर हुकूम दाखवा. 'आमचं नाही' म्हणावं तर गुन्हा नोंदवा, तपास करा आणि स्वतःलाच अटक करा. त्यांनी तिसरी वाट काढली, जी सरकारी माणूस नेहमी काढतो: त्यांनी चहा मागवला.

चहा यायच्या आधी आतल्या खोलीतून हवालदार पार्टे धावत आले. हातात मोबाइल, तोंडावर आनंद मावत नव्हता.

"साहेब! साहेब, गाडी हलली! आपल्याच दिशेने येत होती, आणि आता..." त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "आता तर ठिपका आपल्या ठाण्यात आलाय! साहेब, संशयित आत शिरलाय! गेट लावू?"

टेबलावर डब्याचा दिवा लुकलुकला. पार्टेंनी आधी राजेंद्रला पाहिलं, मग डब्याला, मग साहेबांच्या चेहऱ्याला. आणि मोबाइल खिशात घालताना त्यांना खिसा सापडेना.

"सर," नौशीन म्हणाली, "मग पोच लिहायची ना?"

चहा आला तेव्हा साहेब माणसात आले होते. ते हळू आवाजात बोलले. खैराचं लाकूड चोरून वाहणारी एक गाडी होती. खबऱ्याने सांगितलं, पांढरी गाडी आहे आणि मागच्या काचेवर 'आई वाघजाई प्रसन्न' लिहिलंय. पार्टेंना महाडात तशी गाडी दिसली. त्यांनी लावला डबा.

राजेंद्रने कपाळावर हात मारला. "अहो, पार्टे, तुम्ही कुठले?"

"मी घाटावरचा." पार्टे म्हणाले. पार्टे आडनाव इकडचंच, पण माणूस साताऱ्यात वाढलेला.

"तरीच! साहेब, गेल्या शिमग्याला आमच्या मुंबईच्या मंडळाने एकाच साच्याचे स्टिकर छापले आणि गावातल्या प्रत्येक गाडीला फुकट लावले. आणि आमच्याकडे सगळ्या गाड्या पांढऱ्या, कारण धूळ दिसत नाही. देवीचं नाव बघून चोर शोधायचा म्हणजे, आडनाव बघून उतेकर शोधण्यासारखं. गाव आख्खं सापडेल!"

"पण तुमच्यावर संशय वाढतच गेला हो," पार्टे केविलवाणे म्हणाले. "सरळ माणूस एका आठवड्यात रक्तपेढी, तळं, समाधी असा कशाला फिरेल? आणि दारूच्या दुकानाचा नाका चुकवून बांधावरून? आम्ही म्हटलं, हा तयार गडी आहे."

राजेंद्रने चहाचा कप खाली ठेवला. आपला चांगुलपणा सरकारदरबारी पोहोचला होता, पण उलट्या बाजूने.

साहेबांनी पोच लिहिली: सदर वस्तू मिळाली. खाली आणखी लिहिलं, आणि ते लिहून होईपर्यंत नौशीन खुर्चीतून उठली नाही: श्री. राजेंद्र उतेकर व त्यांचे वाहन यांबाबत या ठाण्याकडे कोणतीही तक्रार अगर संशय नाही. सही, शिक्का. शिक्क्याची शाई वाळली होती. पार्टेंनी त्यावर फुंकर मारमारून तो उठवला. प्रायश्चित्तच ते.

"एक विनंती," साहेब म्हणाले. "स्टिकरचं कुठं बोलू नका. तपास चालू आहे."

"छे, छे," राजेंद्र म्हणाला. आणि तिथून निघाला तो थेट आंबेखोंडाला, सहाणेवर.

माणसं जमवून त्याने कागद मोठ्याने वाचला. दोनदा वाचला. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. चांगू कागद उलटसुलट बघत राहिला, शिक्का नखाने खरवडून पाहिला.

"मग त्यो डबा लावायचा व्हता कुनाच्या गाडीला?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने विचारला नसता तर त्याचं भलं झालं असतं.

"मागच्या काचेवर 'आई वाघजाई प्रसन्न' असेल त्याच्या," राजेंद्र म्हणाला. "पोलीस तोच शोधतायत. एकेक गाडी बघणार आहेत म्हणे."

सभा पटकन आटोपली. कुणाला गुरं बांधायची आठवली, कुणाला औषध.

दुसऱ्या दिवशी होळीचं सामान घेऊन राजेंद्र पुन्हा गावात गेला, तर प्रत्येक अंगणात एकच उद्योग चाललेला. गरम पाण्याच्या बादल्या, दाढीची पाती, रॉकेलची चिंधी. सगळे मागच्या काचेवरून देवीचं नाव खरवडत होते. खैराशी बहुतेकांचा काही संबंध नव्हता. पण एकाची माणसं भरून नेणारी वडाप परवान्याशिवाय चालत होती, एकाच्या गाडीचा विमा केव्हाच वारला होता, एकाच्या डिकीत शिमग्यासाठी गोव्याहून काही बाटल्या येऊन बसल्या होत्या. डोळे वर करून पोलिसांकडे बघता येईल असा माणूस शोधायचा म्हटलं तर आपल्याकडे दिवे लावून फिरावं लागेल. चांगू स्वतः जीपच्या काचेवर पातं चालवत होता. आई गेली होती, 'प्रसन्न'मधला 'न्न' तेवढा उरला होता. (पुढं ती खैराची गाडी दुसऱ्याच तालुक्यात पकडली गेली, आणि तिच्यावर दुसऱ्याच देवीचं नाव निघालं. खबऱ्याने देवीसुद्धा चुकीची सांगितली होती.)

चांगूने हात न थांबवता म्हटलं, "राजा, कागद बराबर हाय. पन गावकीत इचार करावा लागंल. माझी जीप मोठी. आई ऐसपैस बसंल."

तेव्हा बनुबाई काठी टेकत आली. ती गावातली वयाने सगळ्यांत थोर बाई. तिच्यापुढं गावकी चालत नाही. तिने जीपची काच बघितली, दुसऱ्या अंगणातली बघितली, तिसऱ्या. मग राजेंद्रच्या गाडीमागे जाऊन उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण स्टिकरचा रंग ती ओळखत होती.

"हिच्यावं हाय का रे आईचं नाव?"

"हाय, बनुआजी."

"तू कसा नाय काढलास?"

"मी कशाला काढू? माझ्याकडे पोलिसांचा कागद हाय."

बनुबाई वळली आणि तिने चांगूच्या पायाजवळ काठी आपटली. "तुमास्नी पोलिसाचा भ्याव वाटला म्हून आईचं नाव पुसलंत! आन् आता तिला त्याच गाडीत बशीवनार? बशील ती? थोबाडात दील तुमच्या! ती राजाच्याच गाडीतनं येनार. गावकी बशीव नायतर उठीव."

चांगूच्या हातातलं पातं निसटून बादलीत पडलं. काही अंगणांत लोक घाईघाईने खरवडलेली अक्षरं गोळा करू लागले, परत चिकटतात का बघायला.

मग तो दिवस आला. बँकेतून रूपं निघाली, लाल वस्त्रात. दर्शना नऊवारी नेसून पुढच्या सीटवर बसली, मांडीवर आई. राजेंद्रने दोघींच्या भोवती एकच सीटबेल्ट लावला. कायदा म्हणजे कायदा. मागं गावच्या गाड्यांची रांग, ढोल, आणि रांगेच्या तोंडाला, राजेंद्रच्या गाडीला चिकटून, चांगूची जीप, कारण चांगूला वाटत होतं गावात शिरताना निदान लोकांना तो पुढं दिसावा.

पोलादपूरच्या अलीकडे नाक्यावर शिमग्याचा बंदोबस्त होता. हवालदार पार्टे काठी आडवी धरून उभे. गाडी जवळ आली, त्यांनी ओळखली, काठी खाली घातली, टोपी काढून काखेत मारली आणि दोन्ही हात जोडले. राजेंद्रनेही स्टिअरिंगवरचा एक हात उचलून मंत्र्यासारखं उत्तर दिलं. तो नमस्कार देवीला होता असं दर्शनाचं म्हणणं. राजेंद्रचं म्हणणं, देवीला केला असता तर खाली वाकून केला असता.

गाडी पुढं सुटली आणि पार्टेंची काठी मागच्या जीपपुढं आडवी पडली.

"थांबा. मागची काच दाखवा."

"काच? काच कशाला, साहेब? मी गावकीचा अध्यक्ष..."

"इतकी चकचकीत कशी हो? आणि हा 'न्न' कशाचा राहिलाय? काल काय लिहिलं होतं इथं? घ्या, घ्या बाजूला घ्या."

आंबेखोंडात पोहोचल्यावर रूपं पालखीत लागली, पहिला नारळ राजेंद्रच्या हातून फुटला, ढोल असा वाजला की वरच्या कड्यावरची माकडं खाली बघायला आली. अध्यक्षांची वाट बघायची का असं कुणीतरी विचारलं. बनुबाई म्हणाली, नाय. पालखी उठली. चांगू आला तेव्हा पालखी चौथं घर नाचत होती आणि त्याला तिच्या मागच्या दांडीला, लहानग्यांच्या रांगेत, खांदा मिळाला.

नाक्यावर जीप अडवली तेव्हा आपण आरशात अजिबात बघितलं नाही, गाडी चालवताना पुढं बघायचं असतं, असं राजेंद्र आजही सांगतो. दर्शना म्हणते, आरसा त्याने महाडातून निघतानाच हवा तसा वाकवून घेतला होता.